शेवटचे सात किलोमीटर

शेकोटीजवळ सरका. हेल्मेटं खाटेवर ठेवा, रात्री दव पडतं. पहाटे साडेचारला निघणार, सायकलींवर शंभर किलोमीटर मारणार, आणि झोप मात्र कोणाला येत नाही. प्रफुल म्हणतो, देवाजीभाऊ, एखादी भुताची गोष्ट सांगा. सांगतो. पण माझ्याकडं एकच आहे, आणि ती ऐकून कोणाला मजा आलेली मी अजून पाहिली नाही.

मी या सावली तालुक्यात बत्तीस वर्षं डाक वाटली. सायकलवर. रोजचे पंचवीस-तीस किलोमीटर सहज व्हायचे. कधी मोजले नाहीत. मोजून दाखवणार कोणाला? तुमच्या मोबाइलात लोक अंगठा दाखवतात, मला लोक उशीर झाला म्हणून डोळे दाखवायचे. माझं बोलणं थोडं कागदी वाटेल तुम्हाला. आयुष्यभर लोकांना त्यांची पत्रं वाचून दाखवली, ती भाषा तोंडात बसली.

आमच्या वेळी जंगलाच्या रस्त्यावर एक रीत होती. सायकल बिघडली की माणूस ती रस्त्याच्या कडेला उलटी ठेवायचा, सीट खाली, चाकं वर. उलटी सायकल दिसली की जाणाऱ्यानं थांबायचं. ओळखीचा असो नसो, जात कोणती, गाव कोणतं, विचारायचं नाही. पंप असेल तर पंप द्यायचा, नसेल तर सोबत चालत जायचं. ही रीत कोणी लिहून ठेवली नव्हती. वाघाच्या मुलखात ती लिहायची गरजच नव्हती.

सावलीहून पाथरीच्या रस्त्याला सात किलोमीटरवर एक टोला आहे, वीस-बावीस घरांचा. तिथं सुकलू मडावी राहायचा. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठा. माझी चेन त्यानं किती वेळा बसवून दिली त्याचा हिशेब नाही. एक बिडी घ्यायचा, म्हणायचा, "जा आता, लोकं वाट पाहून राह्यले असन." बायको सुकरी. मूलबाळ नाही. दोघंच.

आणि दुसरा माणूस राजदीप खोब्रागडे. तहसीलमध्ये क्लार्क. त्याचे वडील माझ्यासोबत पोस्टात होते. या पोराला सायकल मी शिकवली, माझ्या डाकेच्या सायकलवर, कैचीनं. दांड्याच्या खालून पाय घालून चालवायचा, पडायचा, रडायचा नाही. पोरगा चांगला होता. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही म्हणाल वाईट माणसाची गोष्ट आहे. वाईट माणसाची असती तर मला इतकी झोंबली नसती.

तिशीत त्याला शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले व्यायाम करा. त्यानं महागाची सायकल घेतली, एका बोटावर उचलावी इतकी हलकी. पहिल्या वर्षी वजन उतरलं, शुगर उतरली, बायको साक्षी खूश. दुसऱ्या वर्षी तो तुमच्यासारख्या एका ग्रुपमध्ये गेला. वर्षाला दहा हजार किलोमीटर करायचे असं ठरवलं, आणि साडेनऊ हजारांवर अडकला. चंद्रपूरचा कोणी डॉक्टर पुढं गेला. ते त्याच्या मनाला लागलं. दोन हजार तेवीसच्या जानेवारीपासून त्याला दुसरं काही सुचेना. दहा हजार भागिले तीनशे पासष्ट, रोजचे सत्तावीस आणि वर थोडे. ताप असो, लग्न असो, सत्तावीस झाल्याशिवाय तो ताटावर बसायचा नाही. साक्षी म्हणायची, आधी शुगर मोजत होते, आता किलोमीटर मोजून राह्यले, रोग तोच.

नऊ नोव्हेंबर. गुरुवार होता, वसुबारस. सुकरीचा चष्मा सावलीला दुकानात बनायला टाकला होता, तो आणायला सुकलू दुपारी सायकलनं आला. चष्मा घेतला, दिवाळीच्या पणत्यांसाठी तेल घेतलं, पाचला परत निघाला. टोल्याच्या अलीकडं साडेतीन किलोमीटरवर, सागाच्या पट्ट्यात, त्याची चेन तुटली. त्यानं पिशवी फांदीला अडकवली, सायकल उलटी ठेवली आणि बसला.

पावणेसहाला राजदीप तिथून गेला. सुकलूनं हात दाखवला.

"भाऊ, जरा थांबा ना. चेन तुटली."

राजदीपच्या सीटखालच्या पिशवीत चेन जोडायचं छोटं हत्यार होतं. वरून एक सुटी कडीही होती, नवीकोरी, चांदीसारखी. काम पाच मिनिटांचं. पण त्या दिवशी त्याचा वेग चांगला लागला होता. ताशी अठ्ठावीसची सरासरी पडत होती, आणि थांबलं की ती उतरते म्हणे. त्यानं पाय थांबवले नाहीत. मान वळवून म्हणाला, "बाबा, परत येताना थांबतो. पंधरा मिनटात आलोच. तुमी इथीच राहा."

सुकलू राहिला.

थोड्या वेळानं धान कापून बाया परतत होत्या, सात-आठ जणी. त्यात त्याच्या शेजारची पुनम होती. तिनंच नंतर मला सांगितलं. ती म्हणाली, "चाला ना बाबा आमच्यासंगं. सायकल राहू द्या, सकाळी नेजा." सुकलू म्हणाला, "तो भाऊ येतो म्हणून गेला न वो. पोट्टा येईन अन् मी नाई दिसलो, तं त्याले कसं वाटन?"

बाया गेल्या.

राजदीप परत आला नाही. पुढच्या फाट्यावरून वळून गेलं तर बरोबर पन्नास भरतात, असं त्याच्या मोबाइलनं दाखवलं. तो तिकडून गेला. घरी पोचला, पन्नासचा फोटो ग्रुपवर टाकला, अंगठे मोजले. म्हातारा त्याच्या डोक्यातून साफ गेला होता. हे त्यानंच मला सांगितलं. मुद्दाम सोडलं असतं तर निदान आठवण तरी राहिली असती, म्हणाला.

सुकलू दुसऱ्या दिवशी सापडला. वाघ होता. मी गेलो होतो तिथं. काय पाहिलं ते सांगणार नाही, तुम्हाला उद्या त्याच रस्त्यानं जायचं आहे. सायकल तशीच उलटी होती, जशी त्यानं ठेवली तशी. पिशवी फांदीला होती. तेल सांडलं नव्हतं. चष्मा डबीत शाबूत होता.

वनखात्यानं पंचनामा केला, सायकल नेली आणि ऑफिसच्या मागच्या शेडमध्ये कुलपात ठेवली. टोल्यातल्या बाया सांगत होत्या, कोणी टोपीवाला सायकलवाला होता, येतो म्हणाला होता. पण असे टोपीवाले आता खूप झाले आहेत. कोणी शोधलं नाही. राजदीपनं पेपरात वाचलं. त्याला सगळं कळलं. त्या दिवशी त्यानं रजा टाकली, दिवसभर अंथरुणात पडून राहिला. आणि संध्याकाळी उठून मूल गावाकडच्या रस्त्यानं सत्तावीस किलोमीटर मारून आला.

तुम्ही एकमेकांकडं पाहू नका. मी कोणाला बोलत नाही. गोष्ट सांगतो आहे.

बावन्न दिवस तो गप्प होता. साक्षीलाही सांगितलं नाही. पाथरीचा रस्ता सोडला, आकडा सोडला नाही.

एकतीस डिसेंबर. रविवार. पौर्णिमा होऊन चार-पाच दिवस झालेले. रात्री साडेनऊला ग्रुपनं कार्यक्रम ठेवला होता. केक आणला, त्यावर दहा हजाराचा आकडा. कोणीतरी म्हणालं, मोबाइल मधोमध ठेव, फोटो काढू. राजदीपनं मोबाइल ठेवला.

नऊ हजार नऊशे त्र्याण्णव.

लोक हसले. त्याला वाटलं चूक आहे. सकाळीच दहा हजार पाहिले होते. तो एकेक दिवस मागं जाऊन पाहू लागला. डिसेंबर बरोबर होता. नोव्हेंबर वरून खाली आणला... नऊ तारखेला थांबला. त्या दिवशीचे पन्नास आता त्रेचाळीस झाले होते. ग्रुपवर टाकलेल्या फोटोत पन्नासच होते. इथं त्रेचाळीस.

सात कमी.

तो उठला. घरी येऊन कपडे बदलले. साक्षी म्हणाली, "आता कुठी जाता इतक्या रातचे? सात किलोमीटरनं काय होते?"

"सात किलोमीटरनंच होते," म्हणाला.

मोठ्या रस्त्यावर त्या रात्री पिऊन गाडी चालवणारे फार. म्हणून तो पाथरीच्या रस्त्याला लागला. हँडलवरच्या मीटरवर त्या फेरीचे किलोमीटर आणि वर्षाचे, दोन्ही दिसायचे. मनात हिशेब पक्का. साडेतीन जायचं, साडेतीन परत यायचं. सुकलू जिथं बसला होता ती जागाही साडेतीनवरच, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. मी विचारलं त्याला, खरंच नाही आलं? तो खाली पाहत राहिला.

पावणेअकरा झाले होते. थंडी आजच्यासारखीच. चंद्र झाडांच्या वर आलेला. रस्त्यावर चिटपाखरू नाही. पहिला किलोमीटर गेला. दुसरा गेला. श्वास चांगला लागला, पाय गरम झाले, त्याला बरंही वाटू लागलं. तिसरा गेला. सागाचा पट्टा सुरू झाला.

त्याच्या दिव्याच्या उजेडात दोन गोल दिसले.

उलटी सायकल. कडेला. काळी, जुनी. मागचं चाक फिरत होतं... हळू. वारा नव्हता.

मीटरवर साडेतीन झाले होते. त्यानं तिथंच सायकल वळवली आणि सावलीकडं निघाला. जोरात. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. सावलीच्या टॉवरचा लाल दिवा दिसायला हवा होता. दिसला नाही. मीटर पाहिलं. नऊ हजार नऊशे शहाण्णव आणि अर्धा. हलत नव्हतं.

समोर उजेडात दोन गोल.

त्यानं डोळे मिटले. बाजूनं काढली. डोळे उघडले. पाय मारत राहिला. मीटर तेच.

पुन्हा दोन गोल...

तिसऱ्यांदा तो थांबला.

उतरला. कोणी नव्हतं. सायकल होती, आणि तिची चेन खाली लोंबत होती. बिडीचा वास येत होता. ताजा.

"बाबा..." तो म्हणाला. "आलो मी."



त्यानं पिशवी उघडली. हत्यार काढलं, कडी काढली. गुडघ्यावर बसला. हात गारठलेले, चेन जड आणि गंजकी. कशी बसवली ते त्याला आठवत नाही. बसली. पेडल हातानं फिरवून पाहिलं. चाक फिरलं. छान फिरलं.

मग थांबलं.

मधेच. कोणी पलीकडून हातानं धरावं तसं.

"झाली का, भाऊ..."

आवाज शांत होता. राजदीप म्हणतो, रागाचा असता तर मी तिथंच पाय धरले असते. रागाचा नव्हता. इतका वेळ वाट पाहिलेल्या माणसाचा असतो, तसा होता.

तो पळाला. आपल्या सायकलवर बसला, ती उलट वळवली आणि टोल्याकडं सुटला. मीटर चालू झालं. सत्त्याण्णव. आता त्याला कळलं, सावलीकडं जाताना ते थांबतं. टोल्याकडं जाताना चालतं.

मागून खडखडाट येत होता. जुन्या मडगार्डचा.

त्यानं वेग वाढवला. खडखड तेवढ्याच अंतरावर. कमी केला. तीही कमी झाली. मागं पाहिलं नाही.

अठ्ठ्याण्णव.

नव्व्याण्णव.

टोल्याची पहिली झोपडी... कुत्री भुंकली नाहीत. दुसरी. तिसरी. एका अंगणापाशी त्याच्या सायकलचं चाक आपसूक थांबलं. मागची खडखड त्याच्या बाजूनं पुढं गेली. अंगणात गेली. स्टँड लावल्याचा आवाज आला.

मग काहीच नाही.

मीटरवर दहा हजार. अकरा वाजून बावन्न मिनिटं. खिशात मोबाइल वाजू लागला, अभिनंदनाचे निरोप.

दार उघडलं. सुकरी होती. तिनं बल्ब लावला, आणि चष्मा घातला. तोच चष्मा. त्या चष्म्यातून तिनं राजदीपकडं पाहिलं, मग त्याच्या मागं पाहिलं.

"ते कुठी हायेत? आत्ता तं स्टँड लावलं त्याइनं."

राजदीपनं तिला सगळं सांगितलं. पन्नास किलोमीटर, फाटा, मोबाइल, सगळं. बावन्न दिवस जे बायकोला सांगितलं नाही ते अंगणात उभं राहून सांगितलं. तो म्हणाला, बाई, मी थांबलो नाई, माह्यामुळं गेले ते.

सुकरीनं चष्मा काढून डबीत ठेवला.

मग म्हणाली, "तुमी थांबले नाई म्हणून नाई गेला माहा मानूस. लोकं नाई थांबत, त्याले मालूम होतं, पायी आला असता. तुमी येतो म्हनले, म्हणून गेला."

ती आत गेली. दार लावलं नाही. बल्बही तसाच ठेवला. तो अंगणात उजाडेपर्यंत बसून होता.

पुनमनं पहाटे मला फोन केला. मी मोटारसायकल घेऊन गेलो. मला त्यानं सगळं सांगितलं, आणि मी त्याला काय सांत्वन करणार? मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती, आणि रडूही येत होतं. कैचीनं चालवायला मी शिकवलं होतं. थांबायचं शिकवायचं राहून गेलं. मला वाटलं होतं ते शिकवावं लागत नाही.

परतताना आम्ही वनखात्याच्या ऑफिसात गेलो. चौकीदार म्हणाला, शेडला रात्रभर कुलूप आहे, चावी माझ्याच कमरेला. उघडलं. सुकलूची सायकल आत होती. तिथं ती भिंतीला टेकवून ठेवली होती. आता स्टँडवर उभी होती, सरळ.

चेन जोडलेली होती.

आम्ही सावलीच्या लच्छू मिस्त्रीला बोलावून आणलं, चाळीस वर्षं सायकली दुरुस्त करणारा माणूस. त्यानं वाकून पाहिलं, बोट लावलं, हिसका देऊन पाहिला. म्हणाला, "भाऊ, हे कडी या चेनले बसतच नाई. हे पातळ्या चेनची हाय, नव्या सायकलची. इथी घुसनच नाई. कोनं बसवली?" राजदीपनं आपली पिशवी उघडली. कडीचं पाकीट होतं. रिकामं.

महिन्याभरानं त्याचं मेडल आलं. दहा हजारांचं. डाकेनंच आलं. त्यानं घेतलं नाही, परत पाठवलं. ती हलकी सायकल विकली. आता तो ऑफिसला पायी जातो. शुगर पुन्हा चढली आहे. दर महिन्याला टोल्यावर जातो, सुकरीचं सामान नेऊन देतो. ती घेते. बस म्हणत नाही.

पुढं खात्यानं सायकल सोडली तेव्हा सुकरी मला म्हणाली, तुमीच न्या भाऊ, तुमी अन् ते संगं चालवत होते. मी आणली. ठेवली इथंच, अंगणात, उघड्यावर. चालवत नाही. माझे गुडघे गेले आणि मनही होत नाही.

उद्या तुम्ही त्याच रस्त्यानं जाल. उलटी सायकल दिसली तर थांबा. घाई असेल, आकडा करायचा असेल, तर नका थांबू, तुमची मर्जी. तसं सांगून सरळ पुढं जा. पण येतो म्हणू नका.

झाली गोष्ट. आता झोपा.

मयुरी, जाता जाता तेवढा टॉर्च मार तिकडं. तू टेकून बसली होतीस ना संध्याकाळपासून, तीच. मागं सरकू नको, काही करत नाही ती. खाली मार, पेडलच्या मागं. दोन पावसाळे झाले तिला उघड्यावर, सगळी चेन गंजून लाल झाली आहे.

ती एक कडी बघ.